वाणीची तीन प्रयोजने

जीवाला लाभलेल्या साधनांमध्ये वाणी हे अत्यंत सूक्ष्म साधन होय. हाताने घडलेले कर्म डोळ्यांना दिसते. परंतु वाणीने घडलेल्या कर्मामागचा हेतू पुष्कळदा बोलणाऱ्यालाही उमगत नाही. एकच वाक्य तीन निरनिराळ्या प्रयोजनांनी उच्चारले जाते. वस्तू जशी आहे तशी सांगावी, हे पहिले प्रयोजन. ऐकणाऱ्याचे मन वळवावे, हे दुसरे. आणि आपण कोणाचे, कोणत्या मेळ्यातले, हे इतरांस कळावे, हे तिसरे. यांना अनुक्रमे कथन, बोधन आणि ओळख अशी नावे देता येतील.

यांपैकी कोणतेही प्रयोजन स्वभावतः त्याज्य नाही. दोन उपदेशी वाटेत भेटतात आणि परस्परांस ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात. त्या शब्दांत कोणतीही माहिती दिलेली नाही, कोणाचे मतही पालटलेले नाही. आपण एका स्वामींचे, एवढीच त्यात खूण आहे, आणि लीनतेने उच्चारली तर ती खूण मंगलच आहे. दोष उत्पन्न होतो तो एका प्रयोजनाने दुसऱ्याचे वस्त्र पांघरले म्हणजे. आपली ओळख मिरविण्यासाठी उच्चारलेले वाक्य जेव्हा ज्ञानाच्या वेषात सभेत येते, तेव्हा ऐकणारा फसतो आणि त्याच्याही आधी बोलणारा फसतो.

या ठिकाणी दृष्टांतपाठातील जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत चिंतनीय आहे. ज्याने पायाला हात लावला त्याला हत्ती खांबासारखा वाटला. ज्याने सोंड चाचपली त्याला मुसळासारखा. आणि ज्याच्या हाती कान आला त्याला सुपासारखा. यांतला एकही असत्य बोलला नाही. ‘माझ्या हाताला जे लागले ते सुपासारखे आहे’ एवढेच त्याने म्हटले असते, तर ते वाक्य डोळसालाही मान्य झाले असते. अंशावरून त्याने संपूर्ण हत्तीविषयी निर्णय दिला, आणि तेथे कथन बिघडले. पुढे त्याच्याभोवती कानवाल्यांचा मेळा जमला, तर ‘हत्ती सुपासारखा’ हे वाक्य हत्तीविषयी राहणारच नाही. ते त्या मेळ्याचे निशाण होईल. निशाणाची परीक्षा कोणी करीत नाही. ते उंच धरावयाचे एवढेच असते.

अंशाचे ज्ञान अंश म्हणूनच कसे सांगावे, याचा आदर्श पंथाला लीळाचरित्रात लाभला आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी ऋद्धिपुरी वाजेश्वरीत हा ग्रंथ सिद्ध केला. नागदेवाचार्यांना त्यांनी एकेक लीळा विचारली. ज्यांनी लीळा पाहिली होती अथवा ऐकली होती त्यांना गावोगाव जाऊन गाठले. पुढे धामधुमीत मूळ प्रत हरपली, तेव्हा ज्यांच्या मुखी लीळा होत्या त्यांच्या स्मरणातून त्या पुन्हा जुळविल्या गेल्या. या परंपरेत जेथे दोघांचे सांगणे जुळले नाही, तेथे एकाचे पुसून दुसऱ्याचे ठेवले नाही. हा अमुकाचा पाठ, ही अमुकाची वासना, हा अमुकाचा शोध, अशी नोंद करून भेद तसाच राखला. सांगणाऱ्याचे नाव वाक्याशेजारी राहिले, त्यामुळे त्याच्या ज्ञानाची सीमाही वाक्याशेजारी राहिली.

त्याच ग्रंथात शिष्यांचे रुसवे, त्यांच्या चुका आणि स्वामींनी केलेली त्यांची कानउघाडणीही आली आहे. केवळ पंथाचा गौरव मिरवावयाचा असता, तर असे प्रसंग गाळणे सोपे होते. लीळा सांगणारे नागदेवाचार्य स्वतःच पंथाचे आचार्य होते, आणि तरीही आपल्या उण्याच्या गोष्टी त्यांनी झाकल्या नाहीत. स्वामींची कृती व उक्ती जशी घडली तशी राहावी, याहून अधिक मोलाचे त्यांना काही वाटले नाही.

बोधनाचाही सन्मार्ग शास्त्रात दाखविला आहे. केशोबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक असा क्रम आहे. दृष्टांत मन वेधून घेतो. परंतु दार्ष्टांतिक लगेच सांगते, की या कथेतला कोणता अंश घ्यावयाचा आणि तो कशाला लावावयाचा. मन वळविणारा आपले साधनच श्रोत्यापुढे उघडे ठेवतो. ज्याला श्रोत्याला भुलवावयाचे आहे, तो गोष्ट सांगून थांबतो आणि उरलेले काम तिच्या गोडीवर सोपवितो.

भाषेच्या बाबतीतही हाच विवेक दिसतो. केशोबास आणि पंडित दामोदर हे विद्वान संस्कृतात प्रश्न करू लागले, तेव्हा स्वामींनी आपणास मराठीतच निरूपिले आहे, त्याच भाषेत पुसावे, असे नागदेवाचार्यांनी सुचविले. संस्कृत त्या काळी ज्ञानाची भाषा होती, तशीच विद्वत्तेची ओळखही होती. धर्मग्रंथ त्या भाषेत गेला, तर साध्या म्हाताऱ्या बायाबापड्या अंतरतील, ही आचार्यांची चिंता होती. ज्या शब्दाने श्रोत्याला कळत नाही आणि बोलणाऱ्याची केवळ प्रतिष्ठा वाढते, तो कितीही शुद्ध असला तरी निरूपणाच्या उपयोगाचा नाही.

आज सभेत कोणी म्हणतो, ‘हा अर्थ आमच्या आम्नायाचा नव्हे.’ हे वाक्य कथन म्हणून उच्चारले असेल, तर त्यापुढे आपला पाठ कोणता, तो कोणाकडून आला आणि भेद कोठे आहे, हे यावयास हवे. ते न येता श्रोत्यांच्या माना डोलतात आणि विषय तेथेच संपतो, तेव्हा त्या वाक्याने केवळ कोण कोणाचा एवढेच सांगितलेले असते. सूत्राचा अर्थ होता तेथेच राहतो आणि दोन साधकांच्या मनांत मात्र अंतर पडते. ज्या मार्गात मुंगीलाही पीडा होऊ नये म्हणून जपावयाचे, त्या मार्गात शब्दाने होणारी ही पीडा लहान म्हणता येणार नाही.

म्हणून साधकाने बोलण्यापूर्वी तीन गोष्टी मनाशी पुसाव्यात. हे मी पाहिले, ऐकले, की केवळ गृहीत धरले? विरुद्ध मताच्या सभेतही मी हे याच शब्दांत बोलेन काय? आणि हे चुकीचे आहे असे कोणी दाखवून दिले, तर मला काही लाभले असे वाटेल, की काही हिरावले गेले असे वाटेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत खरे असते. वस्तू जाणण्यासाठी बोलणाऱ्याला चूक कळणे हा लाभच होतो. ओळख राखण्यासाठी बोलणाऱ्याला तोच लाभ पराभवासारखा बोचतो. विद्येचा अभिमान घेऊन डोमेग्रामी आलेले म्हाइंभट स्वामींपुढे निरुत्तर झाले, आणि त्या निरुत्तर होण्यातूनच पंथाला लीळाचरित्रकार लाभला.