विटा कुणाच्या

टस्कीगी हे नाव मराठी वाचकाला ठाऊक आहे ते वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे. कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर तिथल्या शाळेत १८९६ साली पोचले. मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, तिथल्या विटांबद्दल.

१८८१ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने टस्कीगीत कृष्णवर्णीय शिक्षक घडवणाऱ्या या शाळेला वर्षाला २,००० डॉलर दिले, तेही फक्त पगारापुरते. जमीन नाही, इमारत नाही. ४ जुलैला चर्चजवळच्या मोडक्या खोपटात ३० विद्यार्थ्यांनिशी शाळा भरली. पाऊस आला की एखादा विद्यार्थी शाळेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या डोक्यावर छत्री धरी आणि तास चालू राही. पुढे ५०० डॉलरला एक जुना मळा घेतला. त्यातले निम्मे उसने आणलेले. गुलामांच्या श्रमावर चाललेल्या या मळ्यातला मालकाचा वाडा जळून गेला होता.

इमारत हवी तर विटा हव्यात, आणि गावात वीटभट्टी नव्हती. वॉशिंग्टन यांनी ठरवलं, विटा विद्यार्थीच पाडतील. गुडघाभर चिखलात उतरायला मुलं तयार होईनात. मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. आईबापांचा जन्म मालकाच्या शेतात गेलेला. त्या मातीतून सुटायचं म्हणून तर ती शाळेत आली होती. तिथेही मातीच समोर?

वॉशिंग्टन स्वतः गुलामीत जन्मलेले. चिखल काय असतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. गुलामीत अपमान मातीचा नव्हताच, असं त्यांचं सगळं आयुष्य सांगतं. राबणाऱ्याने रचलेली भिंत दुसऱ्याची होई, अपमान तिथे होता. हात तेच, चिखल तोच. भिंत मात्र आता आपली.

पण वीट हे तत्त्वज्ञान ऐकून भाजत नाही. लागोपाठ तीन भट्ट्या फसल्या. पैसे संपले. वॉशिंग्टन यांनी माँटगोमेरीला जाऊन आपलं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं. चौथी भट्टी साधली. घड्याळ कधीच सोडवता आलं नाही.

मग विटांसाठी गावातले गोरेही शाळेच्या दारी येऊ लागले. पुढे एमआयटीतून पदवी घेतलेला पहिला कृष्णवर्णीय वास्तुविशारद, रॉबर्ट टेलर, इथल्या इमारतींचे आराखडे काढायला आला. भिंती मुलांनीच उभारल्या. एकोणीस वर्षांत चाळीस इमारती झाल्या, चार सोडून सगळ्या जवळजवळ पूर्णपणे विद्यार्थ्यांच्या हातच्या.

हस्तकौशल्यावर एवढा भर दिला की उच्च शिक्षण आणि मताचा हक्क मागे पडतो, असं कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांनी १९०३ साली खडसावलं. ते मला पटतं. मताचा हक्क नसलेल्या माणसाची भिंत कोणीही पाडू शकतो. तरी वॉशिंग्टन यांनी नोंदवलेली एक साधी गोष्ट मनातून जात नाही. एखादा नवा मुलगा चाकूने भिंतीवर रेघोट्या ओढायला लागला की जुना विद्यार्थी त्याला अडवायचा. ही इमारत आपली आहे, म्हणायचा, मी ती बांधायला होतो.