कडी

कानडीत कडी लावण्याला ‘चिलक हाकु’ म्हणतात आणि कोंडून ठेवण्याला ‘कूडि हाकु’. मराठीतही हे दोन वेगळेच शब्द आहेत, म्हणजे अनुवादकाची इथे अडचण होऊ नये. माझी झाली.

बंगळुरूच्या नगरथपेटेत सोन्याचांदीची गलाई करणारी, म्हणजे जुने दागिने आणि सोनारांकडची धूळ गाळून शुद्ध धातू काढणारी दुकाने आहेत. या धंद्यात विटा, खानापूर, आटपाडीकडची पुष्कळ घरे आहेत. दुष्काळाला कंटाळून गाव सोडलेली ही माणसे देशभर पसरली. अशा एका दुकानावरच्या पोटमाळ्यावर एक बाई दोन मुलांना घेऊन राहत होती. (तिची ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत.) नवरा त्याच दुकानात कामाला होता. तो वारल्यावर मालकाने गावच्या नात्याने खोली राहू दिली. सकाळी दोन घरचा स्वयंपाक करायला ती बाहेर पडे. तेवढा वेळ पाच वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा आत, बाहेरून कडी. शेजारच्या कोणी तरी १०९८ ला फोन केला. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. आता ती सरकारच चालवते.

घरी जाऊन चौकशी करायचे काम ज्या कार्यकर्तीकडे आले तिला कानडी, तमिळ, तेलुगू येत होते. माणदेशी मराठी नाही. ओळखीतून मला विचारले गेले. तुलनात्मक साहित्यात एम.ए. करून वीस वर्षे कथा-कादंबऱ्यांचे अनुवाद केलेल्या बाईला हे काय जड, असे मलाही वाटले.

कार्यकर्तीचा पहिलाच प्रश्न होता, मुलांना रोज कोंडून ठेवता का? मी तो तसाच मराठीत विचारला. बाई म्हणाली, “कोंडत न्हाई वो ताई. कडी लावून जाते.” मी ‘चिलक’ शब्द वापरून तिचे उत्तर पोचवले. कार्यकर्तीने लिहिता लिहिता मान वर करून विचारले, “हा शब्द तिचा की तुमचा?”

तिचाच होता. पण प्रश्न मला बोचला, कारण तो मऊ शब्द पोचवताना मला बरे वाटले होते.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याची पहिली बाजू पुष्कळ समंजस आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात जी तत्त्वे सांगितली आहेत त्यांत मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय, ही दोन आहेत. पंचाहत्तरावे कलम मुलांवरच्या क्रूरतेचे. त्यात हेळसांडही येते, पण जाणूनबुजून केलेली; शिक्षा तीन वर्षांपर्यंतची. परिस्थितीपुढे हतबल होऊन जन्मदात्यांनी मूल टाकले असेल तर ते जाणूनबुजून टाकले असे धरायचे नाही, असेही तेच कलम सांगते. म्हणजे सगळा भार त्या ‘जाणूनबुजून’वर. बाई कडी जाणूनबुजूनच लावत होती. का लावत होती ते ऐकायला कोणी तरी जिना चढून वर यावे लागते, आणि जो वर येतो त्याच्या हातात चौकशी अहवालाचा कागद असतो.

मला तिथे बसल्या बसल्या पुण्यातले ते घर आठवत होते. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने तिथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. त्या मदतीत गुप्ततेचे वचन आधीच दिलेले होते. शिवाय तिथे बाई मदत करणाऱ्याच्या दारी जात होती. आपल्या काळात मदत करणारा बाईच्या दारी येतो, चटईवर बसतो, चहा घेतो, आणि त्याला गप्प राहण्याचे वचन देता येत नाही. कायदा गोपनीयता मानतो, पण ती बाहेरच्या जगापुरती. बालकल्याण समितीपुढे सगळे जायचेच. याला मी ढोंग म्हणणार नाही. ज्या घरात मुलाला खरोखर चटके दिले जातात तिथे कागद नसलेला पाहुणा काय कामाचा? पण चहा दोन्ही घरांत सारखाच मिळतो, आणि चहा देणारीला आपण कोणाला आत घेतले ते पुरते ठाऊक नसते.

निघताना कार्यकर्ती फोनवर बोलत चार पायऱ्या खाली उतरली. बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “खाली तेजाब असतंय. मागल्या साली पोरगं खाली गेलं, पायावर थेंब उडालं. तवापास्नं कडी लावते. त्या बाईस्नी सांगू नका, पोरं न्हेतील.” गलाईत धातू वेगळे करायला जे नायट्रिक आम्ल लागते, तेच तेजाब. मुलाच्या घोट्यावर डाग होता. तासभर मी त्याच्यासमोर बसले होते, पण तो मला दिसला नव्हता.

दुभाष्याचा नियम साधा आहे: कानावर पडेल ते सगळे पोचवायचे. पण ती दुभाष्याशी बोललीच नव्हती, ‘ताई’शी बोलली होती. कानडी मुलखात आपली भाषा बोलणारी भेटली म्हणून बोलली. न सांगावे तर कडीमागचे खरे कारण, तिच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा, अहवालात येणार नव्हता; आणि तेजाब होते तिथेच राहणार होते. सांगावे तर डागही सांगावा लागणार. साहित्याच्या अनुवादात ‘विश्वासघात’ हा शब्द आम्ही परिसंवादांतून किती सहज वापरतो, याची त्या जिन्यावर मला लाज वाटली.

रस्त्यावर आल्यावर मी सांगितले. मला वाटले, कार्यकर्ती वही काढेल. तिने काढली नाही. तिने विचारले, “हे तिने मला सांगितलं का?” मी नाही म्हटले. “मग ते मी लिहू शकत नाही. तिने मला सांगायला हवं. चला वर.” आम्ही परत जिना चढलो. तिने बाईला आधी सांगितले की आपण मुले न्यायला आलेलो नाही, पण निर्णय समितीचा असतो, त्याची हमी आपण देऊ शकत नाही. हे वाक्य मी मराठीत पोचवले, आणि ते मऊ करण्याचा मोह या वेळी आवरला. बाई बराच वेळ गप्प होती. मग तिने मुलाचा पाय स्वतःच पुढे केला. लिहिलेला मजकूर कार्यकर्तीने मला मोठ्याने मराठीत सांगायला लावला, बाईकडून दोन ठिकाणी दुरुस्त करून घेतला. त्यात ‘कडी’च होती, आणि तेजाबही होते.

मुले घरीच राहिली. आम्लाच्या बरण्या मालकाने कुलपात ठेवल्या. दोघांना अंगणवाडीत घातले. मिशन वात्सल्य योजनेत विधवेच्या मुलाला महिना ४,००० रुपये मिळू शकतात, त्याचा अर्ज गेला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिला खाडे करून फेऱ्या माराव्या लागल्या.

पुढच्या दोन भेटींनाही मी गेले. चहा मिळाला. बाई आता सगळे थेट कार्यकर्तीकडे पाहून बोलते, मोडक्या कानडीत, अडले तरच माझ्याकडे वळते. मला ती ‘म्याडम’ म्हणते.