वर्तन समाधानकारक

मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी एचआर सांभाळते. म्हणजे पगारपत्रक, रजा, पीएफ, नेमणुका. ‘तू कुठे मुलांबरोबर असतेस, तू एक्सेलबरोबर असतेस’ असं आमच्या समुपदेशक ताई चेष्टेत म्हणतात. खरंच आहे ते. बालगृहातल्या चाळीस मुलांपैकी जेमतेम आठ-दहा जण मला नावानं ओळखत असतील. पण त्यांच्या खोलीशेजारी रात्री कोण झोपणार, हे ठरवणाऱ्या तिघांपैकी मी एक आहे.

मध्यंतरी काळजीवाहकाची जागा निघाली. रात्रपाळी, आठवड्याला एक सुट्टी, पगार सांगताना आपलीच मान खाली जावी असा. त्यामुळे अर्ज चारच आले. त्यात एक चाळिशीचे गृहस्थ होते, आधीच्या संस्थेत सहा वर्षं काम केलेले. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला सकाळी इतरांसमोर कसं सांभाळाल, असं मी विचारलं. ते म्हणाले, “चादर मी आधीच बदललेली असेल. इतरांना कळेलच कशाला?” इतकं चांगलं उत्तर मला आजवर कोणी दिलं नव्हतं.

पोलीस पडताळणी स्वच्छ आली. आधीच्या संस्थेचं पत्रही आलं: रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, ‘वर्तन समाधानकारक’. रिवाजाप्रमाणे मी तिथल्या अधीक्षकांना फोन केला. ते कौतुकानं बोलले आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, “मॅडम, माणूस कामाला वाघ आहे. फक्त रात्रपाळी देऊ नका.”

“का बरं?”

“तसं सिद्ध काही झालेलं नाही हो. मुलं काहीबाही बोलतात. माझं नाव नका घेऊ.”

त्या रात्री मला चादरीचं तेच उत्तर आठवत राहिलं. इतरांना कळेलच कशाला. वाक्य तेच होतं, पण आता अंगावर काटा येत होता.

आम्ही त्यांना घेतलं नाही. ‘जागा भरली आहे’ असं मी मेलवर कळवलं. जागा पुढे दोन महिने रिकामी होती. त्यांचा फोन आला, “ताई, काय चुकलं ते तरी सांगा, सुधारेन.” मी मीटिंगमध्ये आहे असं सांगितलं.

पोक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार मुलं राहतात अशा संस्थेला कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं करावी लागते. पण पडताळणीत दिसतं ते नोंदलेलं. इंग्लंडमधल्या सोहम गावी २००२ साली एका माध्यमिक शाळेच्या केअरटेकरनं दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून केला. इयन हंटली त्याचं नाव. त्याच्यावर आधी दुसऱ्या भागात लैंगिक गुन्ह्यांचे अनेक आरोप झाले होते, पण शिक्षा एकाही प्रकरणात नव्हती, आणि तिथल्या पोलिसांकडची माहिती नेमणुकीच्या वेळी पुढे पोचलीच नाही. २००४ च्या बिचर्ड चौकशी अहवालात हे सगळं आहे. तो वाचल्यावर कुजबुजीला कमी लेखण्याची हिंमत होत नाही.

पण कुजबुजीला उलटतपासणीही नसते. ओव्हरटाइम मागणाऱ्या माणसाबद्दल अधीक्षक काय बोलतील, हे मी या क्षेत्रात पाहिलं आहे. नोकरी न देणं ही शिक्षा नव्हे, म्हणून तिथे कोर्टाइतका पुरावा लागत नाही, असं मी स्वतःला सांगते. आजही मला ते बरंचसं पटतं. मात्र ज्याला हे एकच काम येतं, त्याला सगळ्याच संस्थांनी गुपचूप नकार दिला तर त्याला शिक्षेखेरीज काय म्हणायचं?

तरी मला खरी टोचणी याची नाही. माझा संशय खोटा असेल, तर मी एका माणसाची रोजी बुडवली. खरा असेल, तर ‘काहीबाही बोलणारी’ मुलं अजून तिथेच आहेत, आणि मी त्यांच्यासाठी काय केलं? पोक्सोचं कलम १९ गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची धास्ती असलेल्या प्रत्येकाला कळवायला सांगतं. संचालकांना मी विचारलं, फोनवरचं एक वाक्य म्हणजे माहिती का? ते म्हणाले, “आपण आपली मुलं बघू.” म्हणजे आमच्या चाळीस जणांना वाचवण्यापुरता तो संशय पुरेसा होता आणि बाकीच्यांसाठी अपुरा. मी अधीक्षकांना पुन्हा फोन लावला. बाल कल्याण समितीला कळवलंत का? ते म्हणाले, “मी असं काही बोललोच नव्हतो.”

मग आमच्याच फायली काढल्या. दोन वर्षांपूर्वी एका कर्मचाऱ्यानं मुलावर हात उगारला होता. आम्ही राजीनामा घेतला, प्रकरण मिटवलं. त्याच्या पत्रातही ‘वर्तन समाधानकारक’ आहे, आणि खाली माझी सही. तो आता कुठे आहे हे शोधायला वेळ लागला नाही. एका वसतिगृहात. तिथल्या बाईंना फोन करून मी सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “हे लेखी द्याल का?”

मी म्हटलं, उद्या पाठवते. त्याला आज नऊ दिवस झाले.