त्या काही क्षणांआधीची बावीस वर्षं

थोडं निवांत बसा. पाठ टेकली तरी चालेल. श्वास मुद्दाम लांबवू नका, त्याच्या चालीनं त्याला चालू द्या. आज एका माणसाला मनात आणायचं आहे, आणि घाई केली तर त्याच्या मरणाचीच गोष्ट तेवढी हाती लागेल.

आधी नाव घ्या, मनातल्या मनात, पूर्ण. नायक यशवंत घाडगे. गाव पळसगाव, तालुका माणगाव. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. जन्म १९२१चा. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. मृत्यू १० जुलै १९४४, इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात.

म्हणजे वय बावीस. इथे थांबा. तुमच्या ओळखीतलं बावीस वर्षांचं कुणीतरी डोळ्यांपुढे आणा. भाचा असेल, शेजारची मुलगी असेल. ते जिना कसं चढतं, रागावल्यावर दार कसं लावतं, आईनं दुसऱ्यांदा हाक मारल्यावर कसं ‘आलो’ म्हणतं. हे सगळं त्या वयाचं आहे. ते वय मनात धरून ठेवा.

आता जुलै महिना. माणगावकडे हे लावणीचे दिवस. राबातली रोपं उपटून मुठी बांधायच्या, चिखलणी झालेल्या खाचरात वाकून एकेक चूड रोवायचा, डोक्यावर पावसाची धार, पोटऱ्यांपर्यंत गार चिखल. असे किती जुलै त्यांनी लहानपणापासून पाहिले असतील! तिकडे इटलीतल्या उंब्रियाच्या डोंगरांत जुलै म्हणजे कोरडं, रखरखीत ऊन. या दोन जुलैंमधलं अंतर सावकाश चाला. पलटणीतले कितीतरी जण ते चालले होते.

मग तो प्रसंग. त्यांना मरणोत्तर मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉस या शौर्यपदकाच्या मानपत्रात तो मोजक्या वाक्यांत आहे. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. बरोबरचे सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. मागून कुणी येणार नाही हे माहीत असूनही ते एकटे धावले. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही संपवले. टॉमीगननं आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी मारलं. नंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्यानं घेतलेल्या त्याच मोर्च्यात त्यांनी प्राण सोडला.

छाती भरून आली असेल तर येऊ द्या. पोटात कालवलं असेल तर तेही दाबू नका. नुकत्याच गोळ्या झाडलेल्या बंदुकीची नळी तापलेली असते. ती त्यांनी मुठीत धरली. त्या मुठीपाशी थोडा वेळ राहा. मी वाचताना दर वेळी तिथेच अडकतो.

समोरच्या त्या दोघांनाही कुणीतरी नावानं हाक मारत असेल. मानपत्रात त्यांची नावं नाहीत, आणि सेक्शनमधल्या पडलेल्या जवानांचीही नाहीत. मला वाटतं, त्यांना बाहेर ठेवून हे स्मरण पुरं होत नाही. २०२३ साली इटलीतल्या मोन्तोने गावात घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभं राहिलं. सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा लेख त्यावर लॅटिनमध्ये कोरला आहे. एकमेकांसमोर ठाकलेल्या त्या माणसांसाठी याहून रास्त स्मारक मला सुचत नाही.

पदक घ्यायला ते नव्हते. त्यांच्या पत्नीनं ते घेतलं. तळहातात मावेल एवढा काशाचा क्रॉस. तिच्याविषयी विचार करताना शब्द शोधू नका, नुसतं तिच्या शेजारी बसा.

मनात एक प्रश्न येईलच: देश पारतंत्र्यात, लढाई साम्राज्याची, मग ते धावले कुणासाठी? प्रश्न खरा आहे, तो परतवू नका. पण उत्तर त्यांच्या तोंडी घालू नका. ते सांगायला ते मागे उरले नाहीत.

माणगावला तहसील कार्यालयापाशी त्यांचा पुतळा आहे. महामार्गानं कोकणात जाताना उतरा, नमस्कार करा. मग तिथल्या कुणा जाणत्या माणसाला पळसगावची वाट विचारा आणि तिकडेही जाऊन या. धावण्याआधीची वर्षं त्या बाजूला आहेत.