एक जून

आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा, एक जूनला. पोरगं गुरुजींसमोर उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतोय का बघायचं. लागला की रजिस्टरात एक जून. माझा हात जेमतेम पोचला, म्हणून मी 1 जून 1961 चा झालो. पुढं दहावीचं सर्टिफिकेट, मतदार यादी, आधार, सगळीकडं तीच तारीख चालत आली.

आई वेगळंच सांगायची. "पानशेत फुटलं तवा तू पोटात व्हतास, आन् नागपंचमीला मांडीवर." पानशेतचं धरण 12 जुलै 1961 ला फुटलं. म्हणजे माझा खरा जन्म त्यानंतरच्या महिन्याभरातला.

परदेशातल्या लेकीनं निरोप धाडला, बाळंतपणाला दोघंही या. म्हणून पासपोर्टचा अर्ज भरायला बसलो. शेवटी कबुली द्यावी लागते की वरची माहिती खरी आहे. खोटी दिली तर 1967 च्या पासपोर्ट कायद्यात शिक्षा आहे. मी अडलो. मला माहीत होतं त्याप्रमाणं तारीख खोटीच होती. अर्ज भरणारा पोरगा म्हणाला, "काका, दाखल्यावर आहे तेच खरं."

मनाचं समाधान होईना. आई जाऊन वीस वर्षं झाली. माझा जन्म बघितलेलं एकच माणूस आता जिवंत आहे, थोरली आक्का. तिच्या गावी जाऊन विचारलं. म्हणाली, "झड लागली व्हती. वढ्याला पानी. आबानं सुईणीला खांद्यावर बसवून आणली. तारीख कुनाला ठावं? पर आईच्या मागनं तुला पैल्यांदा म्याच घेतलं."

ती हसत सांगत होती आणि मला तिच्यासमोर बसवेना.

वडील गेल्यावर सातबाऱ्याला आम्हा दोघांची नावं लागली होती. पुढच्याच साली मी आक्काला तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्र करून घेतलं. त्यात लिहिलं होतं, स्वखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय. दबाव कुणी टाकला नव्हता, हे खरं. तिला कुणी विचारलं नव्हतं, हेही खरं. माहेर तुटू नये म्हणून बहीण दाखवाल तिथं अंगठा उठवते. तिला साडीचोळी केली, जेवू घातलं, एसटीत बसवून दिलं. त्या कागदावर सही करताना माझा हात कुठंच अडला नाही.

मग वाटलं, खरं-खोटं मोजायचं कशानं? गुरुजींनी लिहिलेली तारीख खोटी, पण त्यात कुणाचं काही गेलं नाही. एक पोर शाळेत बसलं. हक्कसोडपत्र कायद्यानं पक्कं, आणि त्यात एका बाईचा बापाच्या जमिनीतला वाटा गेला. खोट्याचा भार कोण वाहतंय, ते आधी बघावं. माझ्या एक जूनचा भार कुणावरच नव्हता, म्हणून अर्जावर सही केली.

पासपोर्टच्या केंद्रात बोटांचे ठसे घेतले. विळा-खुरप्यानं झिजलेली बोटं, मशीनवर तीनदा ठेवावी लागली. आक्काचा अंगठा त्या दिवशी पहिल्याच दाबात उमटला होता.

नंतर पोलीस चौकशीला आले. दोन शेजारी साक्षीला बोलावले. माणूस कसा आहे? "लई चांगला." नावावर गुन्हा नाही, म्हणजे मी चांगला. आक्काच्या गावाला विचारायला कोण जातंय?

पासपोर्ट पोस्टानं आला. 36 पानं, दहा वर्षांची मुदत, जन्मतारीख 1 जून. ती तारीख आता मला टोचत नाही. जायच्या आधी पुन्हा आक्काकडं गेलो आणि पहिल्यांदा विचारलं, "आक्का, तुला तुझा वाटा पाहिजे का गं?"

बराच वेळ ती चुलीतलं लाकूड मागंपुढं करत राहिली. मग म्हणाली, "त्या दिशी इचारलं असतंस, तर म्या आपनहून सोडला असता."

यावर मला बोलता आलं नाही. परत आलो की बक्षीसपत्र करायचं ठरवलंय. त्यातही 'स्वखुशीनं' लिहावं लागेल. या खेपेला ते माझ्या नावापुढं असेल.