उचलीतले गाणे

कर्जाच्या पैशातून माणसाने गाणे विकत घ्यावे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. आम्हासही तो तसाच वाटला होता आणि त्याचे उत्तरही आमच्यापाशी तयार होते.

बीड जिल्ह्यातील धर्मग्रामात सेवा करीत असता, 2011 सालच्या दसऱ्यापूर्वी एक तरुण आपल्या पत्नीसह आम्हास भेटावयास आला. चार दिवसांनी दोघे ऊसतोडीला निघणार होती. त्याच्या गळ्यात काळी वायर लोंबत होती आणि खिशात काड्यापेटीएवढे गाणी ऐकण्याचे यंत्र होते. तालुक्याच्या बाजारात ते घेतलेले. दुकानदाराने त्यातील कार्डावर गाणीही भरून दिली होती. पैसे कोठले, असे आम्ही विचारले.

"उचलीतले, फादर."

मराठवाड्याबाहेरील वाचकांसाठी उचलीचा अर्थ सांगावयास हवा. हंगामापूर्वी मुकादम जोडप्याला आगाऊ रक्कम देतो. नवरा-बायको मिळून हिशेबात एक 'कोयता' धरला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील गावे ओस पडू लागतात आणि कोयते सांगली, कोल्हापूर, सोलापूर, तसेच कर्नाटकातील बेळगावकडे जातात. पुढे पाच-सहा महिने ऊस तोडून ती रक्कम फेडावयाची. न फिटलेली बाकी पुढच्या सालावर. आजारपणाने दिवस बुडाला तर त्याचा खाडा आणि खाड्याचे पैसे अंगावर. म्हणजे त्या तरुणाने ते यंत्र अद्याप न तोडलेल्या उसाच्या मोळ्या देऊन घेतले होते.

आम्ही त्यास चार शब्द सुनावले. मुलाच्या वह्या, घरातील औषधपाणी, डोक्यावरचे कर्ज, सर्व काही त्यास आठवण करून दिले. त्याने मान खाली घालून ऐकले आणि निघताना एवढेच म्हटले, "फडात दिवस सरत नाही, फादर. गाणं असलं की हात चालतेत."

त्या रात्री आम्ही आमच्या खोलीत आलो. मेजावर टेपरेकॉर्डर होता, शेजारी कॅसेटींची रास होती. तो कोणाच्या पैशाने आला, असे आम्हास कधी कोणी विचारले नव्हते.

गरिबाच्या पैशाचा हिशेब विचारण्याचा अधिकार आपणास आहे, असे आपण सारेच मनातून धरून चालतो. पीठ, औषध, वही यांस आपली संमती असते. गरिबाने सुखाची वस्तू घेतली की मात्र आपण कपाळाला आठ्या घालतो. संत थॉमस अक्वायनस यांनी विरंगुळ्याविषयी लिहिताना एक जुनी कथा दिली आहे. संत योहान शिष्यांसमवेत खेळत असल्याचे पाहून काहींना ते अनुचित वाटले. तेव्हा योहानाने धनुष्य बाळगणाऱ्या एकास बाण सोडावयास सांगितले. पुष्कळ बाण सोडून झाल्यावर विचारले, "असेच सारखे करीत राहता येईल काय?" तो उत्तरला, "धनुष्य मोडेल." मनाचेही तसेच, असे योहान म्हणाला. सेमिनरीत ही कथा आम्ही हसतखेळत वाचली होती. श्रीमंताचे धनुष्य निराळे आणि मजुराचे निराळे, असे तीत कोठेही म्हटलेले नाही. तेव्हा तो तरुण बरोबर होता आणि आम्ही चुकलो होतो, असे आम्ही ठरवून टाकले.

वस्तू म्हणून पाहिले तर यंत्र मोठे नवलाचे. चालता-बोलता खिशातून गाणे नेण्याची सोय 1979 साली सोनी कंपनीच्या वॉकमनने केली. 2001 साली अॅपलचा आयपॉड आला. त्याचे उत्पादन 2022 साली थांबले. बीडच्या बाजारात मिळणारी यंत्रे त्याची गरीब चुलतभावंडे. त्या तरुणाच्या दोन जीबीच्या कार्डावर सुमारे 500 गाणी मावत. हे साधते ते एमपी3 या पद्धतीमुळे. मोठ्या आवाजाखाली दबलेले बारीक आवाज कानाला कळत नाहीत. ते टाकून द्यावयाचे आणि उरलेले साठवावयाचे, अशी तिची रीत आहे.

पुढे जानेवारीत सांगलीकडे जाण्याचा योग आला, तेव्हा आमच्या कुटुंबांना भेटण्यासाठी आम्ही त्यांच्या कोप्यांवर गेलो. फडात तो कानात वायर घालून ऊस तोडीत होता. ती तोडीत होती, मोळ्या बांधीत होती आणि त्या डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढत होती. रात्री ती चुलीपुढे बसली होती. तो कोपीत आडवा झाला होता. वायरीची दोन्ही टोके त्याच्याच कानांत.

"तूही ऐकतेस की नाही?" आम्ही थट्टेने विचारले.

"मला कशाला गाणं, फादर? तेवढा वेळ डोळा लागला तरी लई झालं."

ती पहाटे तीनला उठत असे. पाणी, भाकरी, मुलाचे आवरणे आणि मग फड. उचल दोघांनी घेतली होती, कोयताही दोघांचा मिळून एकच होता. आमचा प्रश्नच आम्ही चुकीचा मांडला होता. गरिबाने गाणे घ्यावे की नाही, यावर आम्ही रात्रभर खल केला; त्या घरात गाणे ऐकण्याइतके हात कोणाचे मोकळे आहेत, हे विचारले नाही. 1891 च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात पोप लिओ 13 वे यांनी काम माणसाच्या शक्तीपलीकडचे नसावे, असे बजावले. त्यांचा रोख मालकाकडे होता, चुलीपुढील तासांकडे नव्हता.

एके काळी गाणे बाईच्या कामातच होते. मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांचे ध्वनिमुद्रण केले. 1996 साली माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांचे आवाज असे मुद्रित झाले, डॉ. आंबेडकर आणि रमाबाईंवरच्या ओव्या त्यांत आहेत. 2017 पासून हा ठेवा 'पारी' या संग्रहातून सर्वांना ऐकावयास मिळतो. जाते गेले याचे आम्हास दुःख नाही. खांदे दुखवून काढलेल्या पिठाचे गोडवे, पीठ न दळलेल्या माणसाने गाऊ नयेत. परंतु गिरणीने वाचविलेला तो पहाटेचा तास त्या बाईच्या हाती आला काय? जाते गेले, ओवी गेली, आणि तासही दुसऱ्या कामाने उचलून नेला.

2012 सालच्या दसऱ्याआधी आम्ही त्यांच्या घरी गेलो. यंत्र जाऊन मोबाइल आला होता, मोठ्या आवाजाचा. त्याने तो चुलीजवळच्या फळीवर ठेवला होता. "आता तीबी ऐकती, फादर," तो अभिमानाने म्हणाला. आम्ही तिच्याकडे पाहिले. मुलाला थोपटता थोपटता ती भिंतीला टेकून झोपी गेली होती. तो उठला आणि त्याने आवाज कमी केला.