जुळेपर्यंत उठायचं नाही



मार्चअखेर आली की पेढ्यांवरचे दिवे उशिरापर्यंत जळतात. कीर्द, खतावणी, तेरीज. कुठेतरी थोडासा फरक येतोच. जाणता हिशेबनीस तो किरकोळ खर्चात दडवत नाही. शोधत बसतो.

आमच्या आळीत अशा एक काकू होत्या. यजमान लवकर गेले. पदरी लहान मुलं. दिवसा पेढीवर वह्या लिहायच्या, रात्री मुलांचा अभ्यास घ्यायच्या. जमा आणि नावे यांत फरक आला, की आधी त्याला नऊने भागून पाहायच्या. भाग गेला, तर बहुधा आकड्यांची अदलाबदल असायची. चोपन्नचे पंचेचाळीस झालेले. पेन्सिलीची बारीक खूण करून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. जुळेपर्यंत उठायचं नाही.

घरीही तेच. मुलाला उगाच रागावल्या, तर झोपण्यापूर्वी त्याच्याजवळ बसत. म्हणत, "बाळा, माझं चुकलं." वाण्याने चुकून जास्त पैसे परत दिले, तर भर उन्हात माघारी जात. जुळेपर्यंत उठायचं नाही.

चुका आपल्या सगळ्यांच्याच होतात. माणूस कळतो तो चूक सापडल्यावर. एकट्या बाईकडे लोक संशयाने पाहतात, हे आपल्या समाजाचं जुनं दुखणं. काकूंनी त्याला शब्दाने उत्तर दिलं नाही. आपली वही उघडी ठेवली.

श्रोतेहो, तुमच्या शेजारीही या क्षणी एखादी आई डबे भरून कामाला निघाली असेल. तिच्या कष्टांची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही. आज तिला थांबवून विचारा, "ताई, संध्याकाळी मुलांना शाळेतून मी आणू का?"